शेळी थंडीला कधी निरोप देते?

फेब्रुवारीतलं पुणं म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी उसाचा रस. थंडी गेली की अजून आहे, यावर माणसांचं एकमत होत नाही. कोंढव्यातल्या किंवा भवानी पेठेतल्या एखाद्या बोळात खुंट्याला बांधलेली शेळी मात्र भिंतीला पाठ घासत जुने केस थोडेथोडे सोडायला लागलेली असते. तिला हे कळतं कसं?

हवा बघून तिनं ठरवलं असतं, तर ती वारंवार फसली असती. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. एखाद्या वर्षी मात्र स्वेटर कपाटातच राहतो. दिवसरात्रीच्या लांबीत असा लहरीपणा नाही. अमुक तारखेला रात्र एवढी म्हणजे एवढीच. शेळीचं शरीर नेमकं तेच मोजतं.

डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाची वर्दी मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपर्यंत पोचते. ही ग्रंथी अंधार असेपर्यंत मेलाटोनिन स्रवते आणि उजाडलं की थांबते. रात्र मोठी, तर मेलाटोनिनचा पाझर लांबतो. रात्र आखूड, तर तोही आवरतो. डिसेंबरअखेर रात्री लहान होऊ लागल्या, की पुढच्या काही आठवड्यांत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं. त्यासरशी स्वस्थ पडलेली केसमुळं कामाला लागतात. नवा केस उगवतो, जुना सुटतो. प्रयोगात दिवे लावून दिवस लांबवला, तर लोकरी शेळ्या वेळेआधीच लव टाकू लागतात. बाहेर थंडी असली तरी!

मुळात शेळीचे केस दोन जातींचे. पाठीवरचे केस बोटांनी फाकवून पाहिले, तर आधी राठ, चकचकीत केस दिसतात. त्यांच्या मुळाशी घामाची ग्रंथी असते आणि केस ताठ उभा करणारा इवलासा स्नायूही. त्यांच्या आसपास बारीक केसमुळं दाटीनं बसलेली असतात. त्यांना ना घामाची ग्रंथी, ना स्नायू. त्यांचं काम एकच: मऊ लव वाढवायची आणि तिच्यात हवा धरून ठेवायची.

लडाखच्या चांगथांगी शेळीची ही लव म्हणजेच पश्म. तिची जाडी १२ ते १५ मायक्रॉन. माणसाचा केस तिच्या चार-पाच पट जाड. उन्हाळ्याच्या तोंडावर लव मुळातून सुटली, की चांगपा पशुपालक लांब दात्यांच्या फणीनं ती विंचरून काढतात. शेळी टाकतेच आहे, तर कात्री कशाला?

पुण्यात असे पुंजके का निघत नाहीत? लेहचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत साधारण साडेचार तासांचा फरक पडतो. पुण्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकरा तासांचा. म्हणजे सूर्याचा इशाराच इथं निम्म्यावर येतो. त्यात आपल्या उन्हात दाट लव अंगावर वागवणं शेळीला परवडणारंही नाही. पुणे, नाशिक, अहिल्यानगर भागातली संगमनेरी शेळी म्हणूनच आखूड, राठ केसांवर भागवते.

आणि याच शेळीच्या जातकुळीत तुर्कस्तानची अंगोराही आहे. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिची केस टाकायची खोड जवळजवळ मोडून काढली. तिची लोकर, म्हणजेच मोहेर, महिन्याला सुमारे दोन सेंटिमीटर वाढतच राहते आणि वर्षातून दोनदा कातरावी लागते. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीनं, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेनं, अंगोराचा देशी शेळ्यांशी संकर करून मोहेर मिळवण्याचे प्रयोगही केले. लव टाकणारी, न टाकणारी आणि जवळपास लवच नसलेली, अशा तिघी एकाच प्राणिजातीत नांदतात.

घरी शेळी असेल, तर एवढं ध्यानात ठेवावं: ऋतूच्या गळतीत खालची कातडी स्वच्छ असते आणि नवे केस डोकावू लागतात. चट्टे, खपल्या, सततची खाज दिसली, तर दोष खरजेचा किंवा उवांचा असू शकतो. अशा वेळी सूर्यावर भार न टाकता पशुवैद्याला गाठावं.