सौंसरचं मँगनीज आणि प्लॅटिनमची झीज

शनिवारी पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालेला संत्र्याचा ट्रक जामसावळीच्या हनुमानाला आलेल्या गर्दीत रेंगाळतो. थोडं पुढं, ब्रेक, पुन्हा गिअर. डिझेल इंजिनाला याचं फारसं काही वाटत नाही. उद्या हाच ट्रक हायड्रोजनवर धावू लागला, तर ही रडतखडत चाल त्याच्या फ्युएल सेलच्या जिवावर उठू शकते.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन जळत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो आणि वीज व पाणी मिळतं. हायड्रोजनच्या बाजूचं काम झटपट उरकतं, घोडं अडतं ते ऑक्सिजनपाशी. त्याला हलवण्यासाठी कार्बनच्या भुकटीवर उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमचे काही नॅनोमीटरचे कण बसवतात. ॲक्सिलरेटर दाबला की सेलचं व्होल्टेज उतरतं, सोडला की चढतं. या चढउतारात प्लॅटिनमचे थोडे अणू विरघळतात आणि मोठ्या कणांवर नाहीतर दोन्ही बाजूंच्या मधल्या पटलात जाऊन साचतात. महागडा धातू सेलमध्येच राहतो, पण कामाचा पृष्ठभाग घटत जातो. गाडी बंद-चालू करताना व्होल्टेज आणखी उसळतं, तेव्हा खालचा कार्बनही झिजतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लांब पल्ल्याच्या ट्रकच्या फ्युएल सेलसाठी 2030 पर्यंत 25,000 तासांच्या आयुष्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. मोटारीला 8,000 तास पुरतात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने केपीआयटी या कंपनीने 2020 मध्ये हायड्रोजनची मोटार चालवून पाहिली, 21 ऑगस्ट 2022 रोजी बसही आणली. बस धावली, हे कौतुकाचंच. ती किती वर्षं धावेल, हे बरंचसं उत्प्रेरकाच्या हाती.

प्लॅटिनमला पर्याय म्हणून नायट्रोजनच्या आधाराने कार्बनमध्ये लोखंडाचे सुटे अणू बसवून पाहिले गेले. कामाला ते चांगले, पण घरभेदी! अभिक्रियेत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, लोह त्यातून आक्रमक मूलकं निर्माण करतं आणि ती पटलच कुरतडतात. मँगनीजला ही खोड बरीच कमी. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या गांग वू यांच्या गटाने मँगनीजचे असे सुटे अणू वापरले. टिकण्यात ते लोखंडापेक्षा सरस ठरले. ताकदीत मात्र प्लॅटिनम अजून पुढेच आहे.

मँगनीज म्हटलं की भूशास्त्रज्ञाला सौंसर आठवतंच. छिंदवाड्याकडून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत गेलेल्या मँगनीजधारी खडकांच्या पट्ट्याचं नावच 'सौंसर समूह' आहे. फर्मर या भूशास्त्रज्ञाने 1909 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारच्या एका खनिजाला 'सीतापाराइट' नाव दिलं. पुढे ते आधीच माहीत असलेलं बिक्सबाइट हे खनिजच निघालं, ही गोष्ट वेगळी. भंडाऱ्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातंच.

म्हणून हायड्रोजनमुळे या खाणींना सोन्याचे दिवस येतील, असं कोणी सांगितलं तर हुरळून जाऊ नये. उत्प्रेरकाला मँगनीज चिमूटभरच लागतं. मँगनीजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आजही पोलादाचा कारखानाच आहे.