मॅगेनिन: बेडकाच्या कातडीतून प्रयोगशाळेत

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झास्लॉफ आफ्रिकी नखवाल्या बेडकांची अंडी संशोधनासाठी काढत. पोटाला छेद, वर टाके, आणि बेडूक परत टाकीतल्या गढूळ पाण्यात. अशा पाण्यात जखम चिघळायलाच हवी, पण चिघळत नसे. १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या कातडीतून २३ अमिनो आम्लांची छोटी साखळी, म्हणजे पेप्टाइड, वेगळी काढली: मॅगेनिन.

ही साखळी जिवाणूला मारते कशी? तिच्यावर धनभार असतो आणि जिवाणूच्या पटलाची बाहेरची बाजू ऋणभारित, म्हणून ती तिकडे ओढली जाते. आपल्या पेशींची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित, शिवाय पटलात कोलेस्टेरॉल. त्यामुळे त्या बऱ्याच अंशी वाचतात. पाण्यात सैल असलेली साखळी पटलाला टेकताच मळसूत्रासारखी वळते. तिची एक बाजू पाण्याकडे राहते, दुसरी तेलकट बाजू पटलातल्या मेदात रुतते. पुरेशा साखळ्या जमल्या की पटलाला भोकं पडतात, आतले क्षार गळतात, जिवाणू मरतो.

नेहमीची बरीच प्रतिजैविकं एखाद्या ठराविक प्रथिनावर नेम धरतात. ते प्रथिन थोडं बदललं की नेम चुकतो. अख्खं पटल बदलणं जिवाणूला महागात पडतं. पण अशक्य नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू आपल्या मेदाला लायसिन जोडून ऋणभार कमी करतो. कोलिस्टिन या जुन्या पेप्टाइड औषधाला निष्प्रभ करणारं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमधून नोंदवलं गेलं.

मारणं हा सोपा भाग. पोटात घेतलं तर पाचक रस पेप्टाइडचे तुकडे करतात, रक्तातही ते फार टिकत नाही, आणि मात्रा वाढवली तर तांबड्या पेशीच फुटू लागतात. म्हणून रसायनतज्ज्ञ एकेक अमिनो आम्ल बदलून पाहतात, काहींच्या जागी त्यांची आरशातली प्रतिरूपं बसवतात. अशी साखळी एन्झाइमांना सहज तोडता येत नाही.

मॅगेनिनवरून पेक्सिगॅनन बनलं, मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर लावायचं मलम. चाचण्यांत ते ऑफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांच्या जवळपास पोचलं, तरी १९९९ मध्ये अमेरिकेने परवानगी नाकारली. २०१६ मधल्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या मलमापेक्षाही सरस ठरलं नाही. मला यात आजाराची निवडच चुकलेली दिसते: सौम्य जखम नीट साफ करून पट्टी बांधली तरी अनेकदा भरते, मग औषधाचा वाटा दिसणार कसा?