विषाणुजन्य न्यूमोनिया आणि सेप्सिस : अतिदक्षता विभागातील एक निदान-समस्या

रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांच्या कफात एक जीवाणू पाहिला आणि तोच या रोगाचे कारण होय, असे प्रतिपादन केले. १९१८ साली ती साथ जगभर पसरली व एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली, तेव्हाही वैद्यकाचा भरवसा बहुतांशी फायफरच्या मतावरच होता. पुढे १९३३ मध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या इंग्रज संशोधकांनी मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा करून दाखविला आणि फायफरच्या जीवाणूकडील कारणपद गेले. परंतु प्रकरण तेथे संपले नाही. १९१८-१९ मधील ५८ मृतांच्या फुप्फुसांचे जतन केलेले छेद अमेरिकन संशोधकांनी नव्याने तपासले व आपले निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. विषाणूने केलेल्या नासाडीच्या जोडीला जीवाणुजन्य न्यूमोनियाच्या खुणाही त्या छेदांत सर्वत्र आढळल्या. विषाणूने दार मोडले व जीवाणू आत शिरले, असाच बहुतेक मृत्यूंचा क्रम असावा.

आज अतिदक्षता विभागातील चिकित्सकापुढे हाच प्रश्न जिवंत रोग्याच्या संदर्भात उभा राहतो. इन्फ्लुएन्झा किंवा कोविड-१९ झालेला रोगी श्वसनयंत्रावर आहे. त्याचा रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, शुद्ध हरपू लागते. ही करणी विषाणूची, की मागाहून आलेल्या जीवाणूची? उत्तरावर उपचार अवलंबून आहेत, आणि उत्तरासाठी थांबण्यास वेळ थोडा आहे.

‘सेप्सिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ कुजणे असा आहे. दीर्घकाळ हा शब्द जीवाणूंशीच जोडलेला राहिला. २०१६ साली मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन त्यामुळे इंद्रियांचे कार्य जिवावर बेतण्याइतके बिघडणे म्हणजे सेप्सिस. या व्याख्येत संसर्ग कोणाचा, याचा उल्लेख नाही. अर्थात विषाणूही तीत येतो. इंद्रियांतील बिघाड मोजण्यासाठी श्वसन, रक्तातील बिंबाणू, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू व मूत्रपिंड या सहांना गुण दिले जातात आणि पूर्वस्थितीपेक्षा दोन गुणांची वाढ झाली की सेप्सिस मानतात. येथे एक गंमत आहे. व्याख्येने ज्या मूळ कोष्टकाचा आधार घेतला, त्यात रोहिणीतील प्राणवायूचा दाब व श्वासातील प्राणवायूचे प्रमाण यांचे गुणोत्तर ३०० च्या खाली गेले की दोन गुण होतात. म्हणजे अतिदक्षता विभागात येण्याइतका विषाणुजन्य न्यूमोनिया ज्याला झाला, तो रोगी बहुधा या व्याख्येने सेप्सिसचाच रोगी ठरतो. व्याख्या चूक आहे असे नव्हे. परंतु तिने निदानाचे नाव सांगितले, कारण सांगितले नाही.

विषाणू एकटा हे सर्व घडवू शकतो, याविषयी आता शंका उरलेली नाही. वायुकोशांच्या पेशी मरतात, केशवाहिन्यांचे अस्तर सुजून त्यांतून द्रव पाझरतो, सूक्ष्म गुठळ्या जमतात. रक्तात दाहकारक द्रव्ये वाढून दूरच्या इंद्रियांनाही झळ पोचते. त्याच वेळी प्रतिकारशक्तीची दुसरी बाजू लंगडी पडते : रक्तातील लसिका-पेशी घटतात आणि इतर भक्षक पेशी शत्रूची ओळख पटवून देण्याच्या कामी मंदावतात. अतिरेक व दौर्बल्य यांचे हे सहअस्तित्व हीच या रोगाची खरी अडचण होय.

जीवाणूंना वाट मिळते ती याच दौर्बल्यातून. इन्फ्लुएन्झात श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल खंडित होते व कफ साचतो. विषाणूशी लढण्यासाठी निर्माण झालेले गॅमा इंटरफेरॉन वायुकोशांतील भक्षक पेशींची न्यूमोकॉकस गिळण्याची क्षमता कमी करते, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. या पहिल्या काही दिवसांत न्यूमोकॉकस व स्टॅफिलोकॉकस यांचे भय अधिक. नंतर श्वासनलिकेत नळी घातली जाते, खोकण्याची स्वाभाविक क्रिया बंद पडते, आणि रुग्णालयातच वावरणारे क्लेब्सिएल्ला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, सुडोमोनास यांसारखे, बहुधा औषधांना दाद न देणारे जीवाणू प्रवेश करतात. म्हणून आजाराचा कितवा दिवस व यंत्रावरील कितवा दिवस, हे दोन आकडे निदानात अतिशय मोलाचे ठरतात.

खुणा मात्र दगा देतात. ताप, पांढऱ्या पेशींची वाढ, छायाचित्रात दिसणारे नवे डाग, यांतले काहीच केवळ जीवाणूंचे लक्षण नव्हे. त्यात उपचार भर घालतात. स्टेरॉइडने ताप दबतो आणि पांढऱ्या पेशी वाढतात. टोसिलिझुमॅबनंतर सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन इतके खाली येते की त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. प्रोकॅल्सिटोनिन जीवाणुसंसर्गात वाढते खरे. परंतु मूत्रपिंडे निकामी होत असतील तर ते अन्य कारणानेही वाढलेले आढळते.

उपचार परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत (२०२०) रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने श्वसनयंत्रावरील कोविड रोग्यांचे २८ दिवसांतील मृत्युप्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत तर निरीक्षणात्मक अभ्यासांत स्टेरॉइड घेतलेल्यांचे मृत्यू अधिकच आढळले. अर्थात अधिक गंभीर रोग्यांनाच ते दिले गेले असण्याची शक्यता तेथे राहते. २०२१ साली भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, म्यूकरमायकोसिसने जे रूप घेतले, त्यामागे मधुमेह आणि स्टेरॉइडचा मुक्त वापर यांचा मोठा वाटा होता.

प्रतिजैविकांचीही कथा निराळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले की रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रोग्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जीवाणूंचा सहसंसर्ग होता, पण प्रतिजैविके सुमारे ७५ टक्क्यांना दिली गेली. सावधगिरीने घडलेली ही चूक क्षम्य म्हणता येईल, परंतु तिने पोसलेले हट्टी जीवाणू त्याच विभागातील पुढच्या रोग्याच्या वाट्याला येतात.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार, अभिघाताची स्थिती असेल किंवा जीवाणुजन्य सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर प्रतिजैविक तासाभरात सुरू करावे. अभिघात नसेल व निदान संशयास्पद असेल, तर त्वरित तपास करून, संशय कायम राहिल्यास तीन तासांच्या आत द्यावे. उपचारास फारसा विलंब न होता रक्ताचे व खालच्या श्वसनमार्गाचे नमुने आधीच घेतले गेले, तर दोन-तीन दिवसांनी संवर्धनाचा निकाल हाती येतो, आणि तो नकारात्मक असून रोगी सावरत असेल तर औषध थांबविण्याचा आधार मिळतो. हे दुसरे पाऊल पुष्कळदा टाकलेच जात नाही. सुरू करणारा चिकित्सक एक असतो, पाळी बदलल्यावर येणारा दुसरा. आणि चालू असलेले औषध बंद करण्याची जबाबदारी कोणाची, हे तक्त्यावर लिहिलेले नसते.