दिवस गेलेलीने उन्हात जावे का?

दिवस गेल्याचे घरात कळले की पहिली सूचना ठरलेली असते: "उन्हात फिरू नकोस गं, मूल काळं होईल." पाठोपाठ केशर-दूध सुरू होते. केशराने दुधाला रंग येतो, बाळाला नाही. आणि आईला ऊन लागले म्हणून पोटातल्या बाळाचा रंग बदलत नाही. तो आई-वडिलांकडून, आजी-आजोबांकडून येतो. तरी या धाकाने कितीतरी सुना नऊ महिने गच्चीवर पाऊल टाकत नाहीत, याचे वाईट वाटते.

अंगावर ऊन पडले की ड जीवनसत्त्व तयार होते. ते कमी पडले तर खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, आणि या दिवसांत हाडे दोघांची असतात! आपल्या सावळ्या कातडीला गोरीपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. बंद खिडकीशी बसून भागत नाही, कारण हे किरण काच अडवते. थंडीत दहा-अकराच्या सुमारास बाह्या वर सारून पंधरा-वीस मिनिटे गच्चीवर वाटाणे सोलत बसावे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची गोळी दिली असेल तर तीही चुकवू नये.

वांगाचे मात्र खरे आहे. गर्भारपणात संप्रेरके वाढतात, त्यात ऊन लागले की गाल, कपाळ, वरचा ओठ काळवंडतात. गंमत म्हणजे वांग गडद करणारे किरण काचेतूनही आत येतात. तेव्हा तोंडावर सावली हवी: छत्री घ्यावी, पदर घ्यावा, झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन लावावे. बाळंतपणानंतर पुष्कळजणींचा वांग काही महिन्यांत फिका होतो. तेवढा धीर न धरता शेजारणीने सुचवलेले गोरेपणाचे क्रीम चोपडणे हे उन्हापेक्षा वाईट. अशा काही क्रीमांत पारा सापडला आहे, आणि पारा आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचतो. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असलेली मलमेही या काळात टाळायची असतात.

खरी भीती रंगाची नव्हेच, उष्म्याची आहे. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि नेमकी तेव्हाच लग्नसराई! भर दुपारचा एसटीचा प्रवास, भरजरी शालू, मांडवातली गर्दी. पोटुशीने अशा लग्नाला नाही गेले तर कुणाचे काही अडत नाही. सासूबाईंनीच तसे सांगून टाकावे. जावेच लागले तर सुती साडी, सकाळची गाडी, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हे. भोवळ आली, अंग तापले, पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र पन्ह्यावर भागवू नये. मुहूर्त राहिला तरी चालेल, तडक दवाखाना गाठावा.