पानगळ आणि पुनरुत्थान

नाताळचे पर्व आले, की ख्रिस्ती घरांतून प्रभुजन्माची गीते घुमू लागतात. या मंगल प्रसंगी, सृष्टी आणि श्रद्धा यांचा मेळ घालणाऱ्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या काव्याचे स्मरण भाविक वाचकांस करून द्यावे, असे आम्हांस वाटते.

जॉन कीबल (१७९२–१८६६) हे त्याचे नाव. वर्ड्‌स्वर्थने १७९८ साली वाय नदीच्या परिसरावरील कवितेत निसर्गात भरून राहिलेल्या चैतन्याचा प्रत्यय वर्णिला. परंतु त्यात ख्रिस्ताचा उल्लेख नाही. कीबलने तोच निसर्ग उपासनेच्या पंचांगात आणून बसविला. त्याच्या ‘द ख्रिश्चन इयर’ या संग्रहात वर्षातील प्रत्येक रविवारासाठी आणि सणासाठी स्वतंत्र कविता आहे. वृद्ध पित्याच्या इच्छेस मान देऊन त्याने तो १८२७ मध्ये प्रसिद्ध केला, तोही निनावी! त्याच्या हयातीतच नव्वदांहून अधिक आवृत्त्या निघाल्या. त्या उत्पन्नातून हर्स्ली गावचे चर्च नव्याने उभे राहिले.

ईस्टरच्या सप्ताहात हिमातून डोके वर काढणारे इवलेसे पांढरे फूल, ट्रिनिटीनंतरच्या पंधराव्या रविवारी बायबलातील रानची भूकमळे, आणि तेविसाव्या रविवारी शरदातील पानगळ, असा हा क्रम चालतो. पानगळीची कविता आम्हांस विशेष भावते. गळलेल्या पानाच्या वाट्याला दुसरा वसंत नाही. तरी ते निमूटपणे मातीत मिसळते. मनुष्यास मात्र मरणोत्तर पुनरुत्थानाचे अभिवचन आहे, आणि तरीही कुरकुरतो तोच! केवढे मार्मिक निरूपण हे!

सृष्टी हा ईश्वराने उघडून ठेवलेला ग्रंथ होय, असे कीबल सांगतो. पण ग्रंथ उघडा असला म्हणजे तो वाचता येतोच असे नाही. पापाने दृष्टी मलिन झाली असता पर्वत, नदी, तारे समोर असूनही अक्षर लागत नाही. म्हणून सृष्टिवर्णनाच्या अखेरीस हा कवी निर्मळ अंतःकरणच मागतो.

डोळे सर्वांनाच लाभले आहेत. दृष्टी मात्र मागून घ्यावी लागते. सणाच्या दिवशी याहून थोर मागणे ते कोणते?