अस्थिसंधान, विद्युत् उद्दीपनाने

मोडलेले हाड अपेक्षित काळात जुळून न आल्यास त्या जागी अल्प विद्युत् प्रवाह किंवा विद्युत् क्षेत्र निर्माण करून अस्थिनिर्मितीस चालना देण्याची पद्धत. बहुतेक अस्थिभंग योग्य मांडणी व स्थिरता मिळाल्यास आपोआप सांधतात. तथापि नडगीच्या हाडासारख्या ठिकाणी, विशेषतः रक्तपुरवठा खंडित झाल्यास, संधान रेंगाळते किंवा थांबते आणि रोग्यास दीर्घकाळ अपंगत्व सोसावे लागते.

भार पडणारे हाड बळकट होते व भाराअभावी ते झिजते, हा नियम जर्मन शस्त्रक्रियाविशारद यूलिउस व्होल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. जपानमध्ये ऐइची फुकादा व इवाओ यासुदा यांनी १९५७ मध्ये हाडाचा दाबविद्युत् गुणधर्म सिद्ध केला. वाकविलेल्या हाडाची दाब पडणारी बाजू ऋण विद्युत् भारित होते व तेथेच नवीन हाड साचते, असे आढळले. ओल्या, जिवंत हाडात सूक्ष्म नलिकांतून वाहणाऱ्या द्रवामुळेही विद्युत् वर्चस् निर्माण होते, हे पुढे स्पष्ट झाले.

उपचाराचे तीन प्रकार आहेत : (१) शस्त्रक्रियेने भंगस्थानी ऋणाग्र बसवून सु. २० मायक्रोअँपिअर एकदिश प्रवाह सोडणे. ऋणाग्राभोवती ऑक्सिजन घटतो व क्षारता वाढते. ही स्थिती अस्थिनिर्मितीस अनुकूल असते. (२) प्लॅस्टरवर तारेची वेटोळी बसवून स्पंदित चुंबकीय क्षेत्राद्वारे हाडात प्रवाह प्रवर्तित करणे. या पद्धतीस अमेरिकेत १९७९ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. (३) भंगस्थानाच्या दोन्ही बाजूंस त्वचेवर विद्युत् अग्रे लावून सु. ६०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचे प्रत्यावर्ती क्षेत्र निर्माण करणे. शेवटच्या दोन प्रकारांत शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र उपकरण रोज काही तास, अनेक आठवडे वापरावे लागते.

उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. ब्रिटनमधील १९८४ च्या एका लहान चाचणीत निष्क्रिय उपकरण लावलेल्या रोग्यांचीही हाडे बऱ्याच प्रमाणात जुळली. म्हणजे यशाचे श्रेय काही अंशी सक्तीच्या विश्रांतीस व स्थिरतेस जाते. १५ चाचण्यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात क्ष-किरण चित्रांत हाड न जुळण्याचा धोका सु. ३५ टक्क्यांनी कमी व वेदनाही काहीशा कमी आढळल्या. अवयवाच्या कार्यक्षमतेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

भंगलेल्या टोकांत मोठे अंतर असल्यास किंवा तेथे खोटा सांधा तयार झाला असल्यास या उपचाराचा उपयोग होत नाही. जंतुसंसर्गाचे निवारण, अचूक मांडणी व भक्कम आधार यांची जागा विद्युत् घेऊ शकत नाही. ती केवळ पूरक ठरते.