परसबागेत नव्या गुलाबाची निर्मिती

देऊळगाव राजा परिसरातील शेतकरी कुटुंबे संकरित भाजीपाल्याचे बियाणे तयार करतात. फुलातील पुंकेसर चिमट्याने काढणे व दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावणे, हे काम तेथील स्त्री-पुरुषांच्या हातवळणी पडलेले आहे. हेच कौशल्य परसातील गुलाबावर योजल्यास बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेला नवा हायब्रीड टी गुलाब मिळू शकेल.

लांब दांड्यावर डौलदार कळी व मोठे फूल देणारा हा वर्ग फार प्राचीन नव्हे. फ्रान्समधील गियो यांचा १८६७ सालचा 'ला फ्रान्स' हा त्यातील पहिला वाण मानला जातो. इंग्लंडमधील हेन्री बेनेट हा मूळचा शेतकरी. जनावरांच्या पैदाशीप्रमाणेच आईबाप निवडून त्याने गुलाबांचे संकर केले आणि १८७९ मध्ये दहा वाण बाजारात आणले. आपल्या देशात गव्हाचे थोर संशोधक डॉ. बी. पी. पाल (१९०६–१९८९) यांनी कामकाजातून उरलेल्या वेळात हा छंद जोपासला व शंभराहून अधिक गुलाब निर्माण केले. त्यांचा 'डॉ. होमी भाभा' हा शुभ्र गुलाब १९६८ मधील आहे.

संकराची रीत

ऑक्टोबरमध्ये छाटणी केलेल्या झाडांवर डिसेंबर-जानेवारीत संकर करावा. मादी म्हणून सहज फळ धरणारे, निरोगी झाड निवडावे. कळी उमलण्याच्या बेतात असता, परागकोश फुटण्यापूर्वीच, पाकळ्या व सर्व पुंकेसर काढून कागदी पिशवी बांधावी. एक-दोन दिवसांत कुक्षी चिकट होताच नर झाडाचे पराग मऊ कुंचल्याने लावावेत व पिशवी पुन्हा बांधावी. चिठ्ठीवर दोन्ही वाणांची नावे व तारीख लिहावी. चिठ्ठी हरवली की झाडाची वंशावळही हरवते.

फळ पिकण्यास सुमारे चार महिने लागतात. घाटाखालील मलकापूर-शेगाव भागात उन्हाळा लवकर तापतो. तेथे संकर डिसेंबरातच उरकावा व झाडांना दुपारची सावली द्यावी. फळांतून काढलेले बी सावलीत सुकवून ठेवावे. ऑगस्टमध्ये ते ओलसर वाळूत मिसळून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात सहा ते आठ आठवडे ठेवावे. थंडीवाचून बियांची सुप्तावस्था मोडत नाही. ऑक्टोबरमध्ये कुंडीत एक सेंटिमीटर खोल पेरावे. काळ्या चिकण मातीत पाणी साचते, म्हणून कुंडीत वाळू व कुजलेले खत अवश्य मिसळावे. उगवण विरळ व मागेपुढे होते. कुंड्या घाईने रिकाम्या करू नयेत.

खरी कसोटी निवडीची

संकरित कपाशीचे एका पिशवीतील बी शेतात सारखेच पीक देते. गुलाबाचे तसे नाही. त्याचे आईबाप स्वतःच अनेक पिढ्यांच्या मिश्रणातून आलेले असल्यामुळे एकाच फळातील दोन बिया दोन निराळी झाडे देतात. म्हणूनच शंभर रोपांतून एखादेच ठेवण्याजोगे निघाले, तरी श्रम वाया गेले असे मानू नये.

रोपाला दोन-तीन महिन्यांत पहिले फूल येते. ते लहान व थोड्या पाकळ्यांचे असते. केवळ त्यावरून निर्णय घेऊ नये. मात्र भुरी किंवा काळ्या ठिपक्यांना वारंवार बळी पडणारे व मान टाकणारे रोप निर्धाराने काढून टाकावे. आपल्या हातचे रोप उपटणे जिवावर येते, परंतु नको ती सर्व रोपे सांभाळणाऱ्याच्या बागेत चांगल्याला जागा उरत नाही. निवडलेल्या रोपाचे डोळे चार-पाच जोमदार खुंटांवर भरावेत व किमान दोन वर्षे निरीक्षण करावे. वैशाखातील उन्हात तग धरणारा आणि पावसाळ्यात पाने राखणारा गुलाबच या जिल्ह्याच्या उपयोगाचा.

वाण खरोखरीच वेगळा, एकसारखा व स्थिर ठरल्यास पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये त्याच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्या वेळी आईबापांची नावे, संकराची तारीख व निरीक्षणांची वही उपयोगी पडते. या कामी नजीकच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. हौशी बागाइतदारांनी येत्या हंगामात दोन चांगल्या वाणांचे पाच-दहा संकर करून प्रारंभ करावा.